कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी : यकृतातील गाठ ओळखण्याची एक तपासणी

पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत, बरेचदा दुसऱ्याच एखाद्या तक्रारीसाठी केलेल्या तपासणीत, यकृतावर अचानक एखादा डाग दिसतो. अहवालात त्याचे माप सेंटिमीटरमध्ये दिलेले असते आणि खाली 'पुढील तपासणी करावी' असे लिहिलेले असते. डाग नेमका कशाचा, हे साध्या सोनोग्राफीवरून पुष्कळदा सांगता येत नाही. ज्यांना यकृताचा जुना आजार नाही आणि पूर्वी कर्करोग झालेला नाही, त्यांच्यात असे अचानक सापडलेले बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. तरी 'बहुतेक' या शब्दावर घरच्यांचे समाधान होत नाही. अशा वेळी सीटी स्कॅन किंवा एमआरआयबरोबरच आणखी एक पर्याय उपलब्ध आहे. तो म्हणजे कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी.

तपासणी म्हणजे काय?

साध्या सोनोग्राफीत ध्वनिलहरी शरीरात सोडल्या जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. त्या चित्रात अवयवाचा आकार, पोत आणि गाठीची जागा कळते. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे फिरते, ते मात्र त्यात नीट दिसत नाही. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत हाताच्या शिरेतून एक औषध देतात. त्यात वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात. ते रक्ताबरोबर वाहतात आणि जिथे जातात तिथे पडद्यावर उजळ दिसतात. गाठीत रक्त कधी आले, कोणत्या बाजूने आले आणि किती वेळ टिकले, हे डॉक्टर प्रत्यक्ष चालू चित्रात पाहतात.

बुडबुडे कशाचे असतात?

या कामासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एकात सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू असतो आणि त्याभोवती फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचे पातळ कवच असते. बुडबुड्याचा सरासरी व्यास सुमारे २.५ मायक्रोमीटर असतो. तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटरची असते. म्हणजे रक्तपेशी जिथून जाते तिथून बुडबुडाही जातो. तो रक्तवाहिनीच्या बाहेर मात्र झिरपत नाही. सीटी आणि एमआरआयमधील कॉन्ट्रास्ट औषधे वाहिनीबाहेरच्या ऊतींतही उतरतात. हा या पद्धतींमधला महत्त्वाचा फरक आहे.

ध्वनिलहरींच्या दाबाने बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावतो आणि वेगळ्या कंपनसंख्येचा प्रतिध्वनी परत पाठवतो. यंत्र नेमका हा प्रतिध्वनी वेचते आणि आजूबाजूच्या ऊतींचा प्रतिध्वनी दाबून टाकते. लहरींचा जोर जास्त झाला तर बुडबुडे फुटतात. म्हणून ही तपासणी कमी जोरावर करावी लागते आणि यंत्रात तशी खास सोय असावी लागते.

'शिरेत हवा गेली तर?' ही शंका अनेकांना येते. यकृताच्या तपासणीत साधारण २.४ मिलिलिटर औषध देतात. त्यातील बुडबुड्यांमधला एकूण वायू २० मायक्रोलिटरपेक्षाही कमी, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाहून कमी असतो. काही मिनिटांत तो श्वासावाटे बाहेर पडतो.

थोडा इतिहास

१९६८ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह हृदयाच्या तपासण्या करत होते. हृदयात द्रव सोडताना त्याबरोबर गेलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे प्रतिध्वनी एकदम वाढतो, हे त्यांनी नोंदवले. पुढे औषध म्हणून बुडबुडे तयार होऊ लागले, पण सुरुवातीच्या औषधांत साधी हवा होती आणि ती रक्तात लवकर विरघळून जाई. रक्तात कमी विरघळणारे जड वायू वापरल्यावर बुडबुडे काही मिनिटे टिकू लागले. सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या औषधाला युरोपात २००१ मध्ये मान्यता मिळाली. यकृतातील गाठींसाठी अमेरिकेने ती २०१६ मध्ये दिली, प्रौढांसाठी आणि लहान मुलांसाठीही. त्याआधी २०१२ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने प्रौढांच्या यकृतात अचानक सापडलेल्या आणि साध्या सोनोग्राफीत उलगडा न झालेल्या गाठींसाठी या तपासणीची शिफारस केली होती.

गाठ कशी ओळखतात?

यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. सुमारे पाव हिस्सा धमनीतून येतो आणि उरलेला आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून. धमनीचे रक्त आधी पोचते. म्हणून औषध दिल्यापासूनचा वेळ तीन टप्प्यांत मोजतात. साधारण १० ते ४५ सेकंद हा धमनीचा टप्पा, तिथून २ मिनिटांपर्यंत पोर्टल टप्पा आणि त्यानंतर बुडबुडे विरेपर्यंत, म्हणजे ४ ते ६ मिनिटांपर्यंत, शेवटचा टप्पा.

• हिमॅन्जिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ. ती कडेकडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळते आणि हळूहळू मध्याकडे भरत जाते. शेवटपर्यंत उजळ राहते.

• फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया हीसुद्धा निरुपद्रवी गाठ. ती मध्यातून बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारखी झपाट्याने भरते आणि नंतर सहसा काळी पडत नाही.

• दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग सुरुवातीला, पुष्कळदा फक्त कडेने, उजळतो. पहिल्या मिनिटाच्या आतच त्यातले औषध ओसरू लागते आणि शेवटच्या टप्प्यात उजळ यकृतात काळी भोके पडल्यासारखी दिसतात.

• यकृताच्या पेशींचा कर्करोग धमनीच्या टप्प्यात आजूबाजूच्या यकृतापेक्षा जास्त उजळतो. औषध मात्र उशिरा, साधारण ६० सेकंदांनंतर, आणि थोडेसेच ओसरते.

शेवटच्या दोन प्रकारांतला वेळेचा फरक फार महत्त्वाचा आहे. यकृतातील पित्तनलिकांचा कर्करोगही सुरुवातीला उजळू शकतो, पण त्यातून औषध सहसा लवकर ओसरते. त्याचे उपचार वेगळे असतात. म्हणून केवळ 'उजळली आणि काळी पडली' एवढ्यावर निदान करत नाहीत. केव्हा आणि किती काळी पडली, हे घड्याळ लावून पाहतात. यकृताच्या पेशींच्या कर्करोगाचा हा निकषही सिरॉसिस किंवा जुनाट हेपॅटायटिस बी यांसारखा धोका असलेल्या रुग्णांसाठी आहे. तोच नमुना निरोगी यकृतात दिसला तर त्याचा अर्थ तितका पक्का मानत नाहीत.

कोणाला विशेष उपयोग?

हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत नाही आणि त्यात आयोडीन नसते. त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या ज्या रुग्णांना सीटीचे कॉन्ट्रास्ट देताना डॉक्टर विचार करतात, त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय ठरतो. यात क्ष-किरण नसल्याने लहान मुलांसाठी आणि वारंवार तपासणी लागणाऱ्यांसाठीही तो सोयीचा आहे. मूत्रपिंडातील गाठ पाण्याची आहे की भरीव, हे ठरवताना याची मदत होते. यकृतातील गाठ सुईने जाळल्यावर तिथे जिवंत भाग उरला आहे का, तेही यात पाहता येते.

मर्यादा

ही तपासणी मुख्यतः आधीच दिसलेल्या गाठीचे स्वरूप ठरवण्यासाठी आहे. धमनीचा टप्पा काही सेकंदांचा असल्याने एका वेळी एकाच गाठीवर लक्ष ठेवता येते. शेवटच्या टप्प्यात डॉक्टर उरलेल्या यकृतावरून नजर फिरवतात, पण फुप्फुसे, लसिकाग्रंथी आणि संपूर्ण पोट यांचा अंदाज यातून येत नाही. कर्करोग किती पसरला हे पाहायला सीटी किंवा एमआरआयच लागतो. स्थूल शरीर, यकृतावरील जास्त चरबी, आतड्यांतील वायू, किंवा छातीच्या पडद्याखाली खोल बसलेली गाठ यांमुळे चित्र अस्पष्ट येऊ शकते. काही गाठींत शेवटी बायोप्सीच करावी लागते. सिरॉसिसच्या रुग्णांनी दर सहा महिन्यांनी करायची साधी सोनोग्राफीही यामुळे टळत नाही.

सुरक्षितता

इटलीतील २८ केंद्रांवर झालेल्या २३ हजारांहून अधिक तपासण्यांचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर प्रतिक्रिया दोघांनाच आली आणि मृत्यू एकही झाला नाही. तरीही तीव्र ॲलर्जी क्वचित का होईना, होऊ शकते. म्हणून तपासणीच्या जागी तातडीच्या उपचारांची सोय हवी आणि नंतर साधारण अर्धा तास तिथेच थांबावे. पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पदार्थाची ॲलर्जी, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, फुप्फुसांतील रक्तदाब फार वाढणे किंवा गर्भारपण असेल तर ते आधीच सांगावे.

तपासणीला जाताना

प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावर ही तपासणी होत नाही. औषध, यंत्रातील सोय आणि सराव असलेला डॉक्टर या तिन्ही गोष्टी लागतात. आधी फोन करून विचारावे आणि किती तास उपाशी राहायचे तेही विचारून घ्यावे. जुने सगळे अहवाल, हेपॅटायटिसच्या तपासण्या आणि पूर्वीच्या कर्करोगाची कागदपत्रे बरोबर न्यावीत, कारण एकाच चित्राचा अर्थ रुग्णाच्या इतिहासानुसार बदलतो. घरच्या ज्येष्ठांना काळजी नको म्हणून जुना आजार त्यांच्यापासून लपवला असेल, तरी डॉक्टरांपासून तो लपवू नये. अहवाल हातात आल्यावर तीन प्रश्न जरूर विचारावेत : गाठीचे निदान पक्के झाले का, आणखी कोणती तपासणी हवी, आणि पुन्हा केव्हा यायचे?