गोवर्धनचे फलक आणि संगणकातील मराठी

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक दानलेख आहे. ३,००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद त्यात आढळते. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ आणि १,००० कार्षापण दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले होते. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी त्यात अट आहे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदविला गेला, असेही लेख सांगतो. ते फलक आज उपलब्ध नाहीत. त्यांवरील व्यवहार अभ्यासकांना ठाऊक आहे, तो त्याची नोंद दगडातही कोरून ठेवली होती म्हणून.

हा लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहे, ती पुढे विस्मृतीत गेली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने तिचा उलगडा केला आणि पश्चिम भारतातील लेणी पुन्हा बोलू लागली. त्यासाठी कोणाची अनुज्ञा घ्यावी लागली नाही. लिपी विसरली गेली होती, पण ती कोणाच्या मालकीची नव्हती. यावरून नोंद टिकण्याच्या दोन अटी ध्यानात येतात. एक, तिची प्रत करता आली पाहिजे. दुसरी, ती वाचण्याची किल्ली एकाच्याच हाती असता कामा नये. मुक्त सॉफ्टवेअर आणि मालकीचे सॉफ्टवेअर यांच्यातील वाद पुष्कळदा किमतीचा वाद म्हणून मांडला जातो. वस्तुतः इतिहासाच्या अभ्यासकाला तो या दोन अटींचा वाद म्हणून पाहावा लागतो, आणि मराठीच्या संगणकीय इतिहासात त्याचे उदाहरण स्पष्ट सापडते.

मुद्रणाच्या काळात हा प्रश्न उद्भवला नव्हता. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे विकत घेणाऱ्या मुद्रकाला ते हवे तसे वापरता येत, आणि छापलेले पान वाचणाऱ्याला तर त्या खिळ्यांची मुळीच गरज नसे. साधन आणि नोंद या दोन वस्तू वेगळ्या होत्या. संगणकावर त्या प्रथमच एकमेकींत गुंतल्या.

१९९० नंतरच्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली, ती मुख्यतः खाजगी टंकांच्या, म्हणजेच फाँटच्या, आधारे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी आणि सी-डॅकचे आय.एस.एम. ही त्यांतील परिचित नावे होत. त्या वेळच्या पद्धतीत एका टंकात २५६ जागा असत. रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या जागांवर देवनागरीची अक्षरे, अर्धाक्षरे आणि मात्रांचे तुकडे बसविले जात. पडद्यावर व कागदावर मराठी दिसे. परंतु फाइलमध्ये साठत असत ते रोमन अक्षरांचेच संकेत. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवी. परिणामी एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या टंकात निरर्थक रोमन अक्षरांची रास होऊन जाई. शोध घेणे, अकारविल्हे लावणे, सूची करणे ही संशोधनाची नित्याची कामे अशा मजकुरावर जवळजवळ अशक्य होती.

याला पर्याय नव्हता असे नाही. देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे राष्ट्रीय मानक १९९१ साली आय.एस. १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. परंतु मानक कागदावर असणे आणि ते राबविणारे साधन लेखकाच्या टेबलावर असणे, यांत अंतर असते. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय २००० च्या आवृत्तीत आली, आणि पुस्तके जुळविण्याची प्रचलित साधने त्यानंतरही बरीच वर्षे जुन्या टंकांवरच चालली. मधल्या काळातील मराठी पुस्तके, नियतकालिके आणि कार्यालयीन कागदपत्रे यांचा मोठा भाग म्हणूनच खाजगी संकेतांत अडकून पडला.

मानक खुले असणे आणि सॉफ्टवेअर मुक्त असणे या एकच गोष्टी नव्हेत. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाच्या घोषणेने सुरू केली. १९८९ साली तिचा सार्वजनिक परवाना, जीपीएल, प्रसिद्ध झाला. १९९१ साली लिनक्सचा गाभा आला. आणि मुक्तस्रोत ही संज्ञा १९९८ पासून रूढ झाली. वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे हे चार अधिकार या विचारात वापरणाऱ्याला असतात. मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा पहिलाच अधिकार मिळतो, आणि तोही अटींसह.

या भेदाचा मराठीला काय उपयोग झाला, हे सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या कामावरून दिसते. विंडोजबरोबर घरोघर पोहोचलेला मंगल टंक त्यांच्याच हातचा. आणि मुंबईच्या एन.सी.एस.टी. या संस्थेत त्यांनी रेखाटलेला रघु टंक जीपीएलखाली खुला झाला. हात एकच, पण पहिल्या टंकात फेरफार करण्याचा अधिकार कंपनीकडे राहिला आणि दुसऱ्यात तो सर्वांना मिळाला. पुढे रेड हॅटने लोहित टंक जीपीएलखाली दिले आणि २०११ साली ते टंकांसाठीच्या खुल्या परवान्याखाली आणले.

बदलण्याच्या अधिकाराचे महत्त्व लहान भाषेला अधिक जाणवते. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणेच प्रमाण ठरविली. मालकीच्या टंकात हिंदी वळण असल्यास मराठी लेखकाला विनंती करून थांबावे लागते. मुक्त टंकात तो भेद जाणकाराला स्वतः घालता येतो. मोडीचे उदाहरण याहून बोलके आहे. मोडी लिपीला बाजार नाही. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले, आणि त्यानंतर तिच्यासाठी मुक्त टंकही निघाले. दप्तरखान्यांतील मोडी कागद संगणकावर लिप्यंतरित करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि मालकीच्या सॉफ्टवेअरला दोष देऊन हा विषय संपत नाही. ज्या काळी देवनागरी राबविणारी सर्वसाधारण साधने नव्हती, त्या काळी खाजगी उत्पादकांनी भांडवल घालून मराठी मुद्रणाला संगणकावर उभे केले. टंक रेखाटणे हे कष्टाचे काम आहे आणि त्याचा मोबदला मागणे गैर नाही. १९८४ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाच्या कार्यक्रमाला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले, तेही याच न्यायाने. आक्षेप मालकीवर नसून मालकीची कक्षा साधनावरून नोंदीपर्यंत पसरण्यावर आहे. जमाखर्चाची वही विकणाऱ्याचा हक्क वहीवर. तिच्यात लिहिलेल्या हिशेबावर नव्हे.

सार्वजनिक धोरणाने हा भेद उशिरा का होईना ओळखला. केंद्र सरकारने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे आणि २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरण पुढच्या कागदांना लागू पडते. मागचे कागद आपोआप सुटत नाहीत. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक टंकाची मांडणी ठाऊक असावी लागते. त्यातही पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, तर युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट. परिवर्तकात चूक राहिली, तर ती सहस्रावधी पानांत शिरते. अशा साधनाची मूळ संहिता खुली असल्यास चूक शोधून दुरुस्त करता येते. ती बंद असल्यास संशोधकाला पाठभेद कोठून आला हेच कळत नाही. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही बाब गौण नाही.

प्राचीन गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेचे, गंगापूरजवळचे आजचे गोवर्धन, असे सामान्यतः मानले जाते. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा परिसर याच भागात आहे. दूरशिक्षण देणारे विद्यापीठ प्रतींवरच जगते. पुस्तिका वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली तरच त्याच्या नावातील ‘मुक्त’ या शब्दाला अर्थ राहतो. त्यामुळे साधनांच्या निवडीचा प्रश्न अशा संस्थांच्या, आणि मराठीतून संशोधन करणाऱ्या प्रत्येक विभागाच्या, कर्तव्यात मोडतो. १९९० नंतरचे प्रबंध, अंक आणि टिपणे ज्या फाइलींत पडून आहेत, त्यांचे टंक व ते वाचणारी यंत्रे जोवर हाताशी आहेत, तोवरच त्यांचे परिवर्तन सुकर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ठेवीवरील व्याजाचा दर आज वाचता येतो. तीस वर्षांपूर्वीचा मराठी प्रबंध वाचता न येणे हा काळाचा दोष ठरणार नाही. तो जतन करणाऱ्यांचा ठरेल.