खाजगी दूरध्वनी केंद्र

एखाद्या कार्यालयाच्या, कारखान्याच्या, रुग्णालयाच्या वा तत्सम आस्थापनेच्या आवारातील दूरध्वनी परस्परांस जोडणाऱ्या आणि त्या सर्वांना मोजक्या सार्वजनिक तारांमधून बाहेर संपर्क साधू देणाऱ्या यंत्रणेस खाजगी दूरध्वनी केंद्र म्हणतात. तिला जोडलेल्या अंतर्गत दूरध्वनीस एक्स्टेंशन ही संज्ञा रूढ आहे. हस्तचालित केंद्रास पीबीएक्स, स्वयंचलित केंद्रास पीएबीएक्स व इलेक्ट्रॉनिक केंद्रास ईपीएबीएक्स असे म्हणतात. सर्व एक्स्टेंशनांवरून एकाच वेळी बाहेर बोलणे होत नसल्याने थोड्या बाह्य तारांवर काम भागते. त्यांची संख्या किती असावी, याचे गणित डॅनिश गणितज्ञ आ. के. एर्लांग यांनी १९०९ पासून मांडले. आलेला कॉल कोणाकडे पाठवावयाचा व तो घेणारा जागेवर नसल्यास निरोप कोठे ठेवावयाचा, असे दोन प्रश्न अशा प्रत्येक केंद्रापुढे असतात. हे दोन्ही निर्णय माणसाकडून यंत्राकडे कसे गेले, हाच या केंद्रांच्या इतिहासाचा गाभा होय.

हस्तचालित केंद्रे : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे एकस्व १८७६ मध्ये मिळाले. अमेरिकेत न्यू हेवन येथे १८७८ मध्ये पहिले व्यापारी केंद्र सुरू झाले. भारतात कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील केंद्रे जानेवारी १८८२ मध्ये खुली झाली. मोठ्या आस्थापनांत याच धर्तीचे छोटे स्विचफलक बसविण्यात येऊ लागले. बाहेरून कॉल आला, की फलकावरील झडप पडे किंवा दिवा लागे. ऑपरेटर विचारपूस करून दोरीच्या टोकाची खुंटी हव्या त्या एक्स्टेंशनच्या भोकात बसवीत असे. कोणता अधिकारी रजेवर आहे, त्याचे काम कोण पाहतो, कोणता कॉल तातडीचा आहे, हे सर्व ऑपरेटरच्या माहितीवर व विवेकावर अवलंबून असे. कार्यालय बंद होताना बाह्य तार पहारेकऱ्याच्या किंवा ठराविक अधिकाऱ्याच्या एक्स्टेंशनला जोडून ठेवीत. या सोयीस रात्रसेवा म्हणत. वेळेनुसार कॉलचा मार्ग बदलण्याचा हा सर्वांत जुना प्रकार होय.

भारतातील ट्रंक सेवेत ‘पी. पी. कॉल’ हा वेगळा प्रकार होता. त्यात जादा आकार घेऊन विशिष्ट व्यक्तीलाच दूरध्वनीवर बोलावण्यात येई. पुढे शेजाऱ्याच्या दूरध्वनी क्रमांकासही ‘पी. पी. नंबर’ म्हणण्याची पद्धत पडली. ज्याच्या घरी दूरध्वनी नाही, त्याचा निरोप शेजारी घेत असे.

खानदेशातील पार्श्वभूमी : खानदेशात दूरध्वनीच्या दोन भिन्न गरजा शेजारीशेजारी आढळतात. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्य ठाणे असून वरणगाव हे भुसावळ-नागपूर मार्गावरील स्थानक आहे. रेल्वेच्या नियंत्रण दूरध्वनीत एका विभागातील अनेक स्थानके एकाच सामाईक मंडलावर असतात. नियंत्रक हव्या त्या स्थानकाचीच घंटा वाजवू शकतो, तर स्थानकमास्तरास श्रवणी उचलताच नियंत्रकाशी बोलता येते. येथे कॉल कोणाकडे जावा, हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. गाडीचा मार्ग ज्याच्या हाती, त्याच्याकडेच तो जातो.

वरणगाव येथील आयुध निर्माणीची गरज निराळी आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्यात लहान शस्त्रांचा दारूगोळा तयार होतो. ऑक्टोबर २०२१ पासून ती पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीचा भाग आहे. उत्पादन विभाग, भांडार, सुरक्षा, रुग्णालय व वसाहत असा पसारा असलेल्या अशा आस्थापनेत बाहेरचा कॉल योग्य ठिकाणी पोहोचविणे आणि आतली माणसे अडथळ्याविना परस्परांशी बोलू शकणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. दारूगोळ्याच्या कामात सुरक्षेचा किंवा अपघाताचा कॉल भलतीकडे गेल्यास हानी केवळ कामकाजाची होत नाही.

स्वयंचलन : कॅन्सस सिटी येथील अंत्यविधी-व्यावसायिक अ‍ॅल्मन स्ट्राउजर यांनी स्वयंचलित स्विचाचे एकस्व १८९१ मध्ये मिळविले. आपल्याला येणारे कॉल ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, या संशयातून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. तसे असल्यास मार्गनिश्चिती माणसाच्या हातून काढून घेण्यामागे सोयीपेक्षा अविश्वासच अधिक होता. या पद्धतीचे पहिले केंद्र अमेरिकेतील ला पोर्ट येथे १८९२ मध्ये सुरू झाले. भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्ये सिमला येथे उभारण्यात आले. कार्यालयीन केंद्रात मात्र स्वयंचलन अर्धेच आले. आतील कॉल तबकडी फिरवून थेट लागू लागले, विशिष्ट अंक फिरवून बाहेरची तारही मिळू लागली. परंतु बाहेरून येणारा कॉल बहुधा ऑपरेटरच घेत राहिला.

हे उरलेले काम संगणकाने घेतले. संचित कार्यक्रमावर चालणारे मोठे सार्वजनिक केंद्र अमेरिकेत १९६५ मध्ये सुरू झाल्यावर मार्गनिश्चिती तारांच्या जोडणीत न राहता स्मृतीतील कोष्टकात आली. भारतात १९८४ मध्ये ग्राहकाकडील उपकरणांचे उत्पादन खाजगी क्षेत्रास खुले झाले व त्याच वर्षी सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन झाली. तेव्हापासून ईपीएबीएक्सचा प्रसार वाढला. ‘अमुक विभागासाठी अमुक अंक दाबा’ ही सूचना उपयोगी पडण्यास तबकडीच्या स्पंदांऐवजी स्वर पाठविणारी कळपट्टी लागते. त्यामुळे अशी स्वागत-यंत्रे भारतात कळपट्टीचे दूरध्वनी रुळल्यावरच पसरली.

मार्गनिश्चितीचे नियम : आधुनिक केंद्रात कॉलचा मार्ग आधी लिहून ठेवलेल्या नियमांनी ठरतो. एक्स्टेंशन व्यस्त असल्यास कोणाकडे, ठराविक घंटांनंतर कोणाकडे आणि कामाच्या वेळेनंतर वा सुटीच्या दिवशी कोणाकडे, हे नियमांत नमूद असते. एका क्रमांकामागे अनेक एक्स्टेंशनांचा गट ठेवून कॉल क्रमाने किंवा सर्वांकडे एकदम देता येतो. नियम वरून खाली तपासले जात असल्याने त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. सुटीचा नियम दैनिक वेळेच्या नियमाखाली राहिल्यास सुटीच्या दिवशीही रिकाम्या कार्यालयात घंटा वाजत राहते.

ध्वनिनिरोप : दूरध्वनीवरील बोलणे चुंबकीय तारेवर मुद्रित करण्याचे साधन व्हल्डेमार पौल्सेन या डॅनिश अभियंत्यांनी १८९८ मध्ये बनविले. परंतु प्रत्येक एक्स्टेंशनसाठी स्वतंत्र निरोपपेटी देणारी व्हॉइसमेल पद्धती संगणकाबरोबरच शक्य झाली. अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांनी १९७९ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज केला व ते १९८३ मध्ये मिळाले. भारतात १९९२ मध्ये ही सेवा खाजगी कंपन्यांस खुली झाली. निरोप आल्याची सूचना प्रथम यंत्रावरील दिव्याने किंवा तुटक डायल-स्वराने मिळे. पुढे ती ई-मेलने व भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने मिळू लागली. आंतरजालावर चालणाऱ्या केंद्रांसाठी या सूचनेचे प्रमाण २००४ मध्ये निश्चित झाले.

मर्यादा : ऑपरेटरची चूक त्या कॉलपुरती असे; कोष्टकातील चूक ते दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक कॉलला भोवते. बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या पेटीत निरोप साठत राहतात आणि त्यांची सूचना रिकाम्या खुर्चीला मिळते. म्हणून सूचना एका व्यक्तीऐवजी गटाकडे पाठविणे, निरोप ठराविक मुदतीत ऐकला न गेल्यास वरिष्ठास कळविणे आणि बदल्यांबरोबर नियम तपासणे इष्ट ठरते. अग्निशमन, रुग्णालय व सुरक्षा यांचे क्रमांक निरोपपेटीकडे वळवू नयेत, तेथे सदैव माणूसच असावा, हे तत्त्व स्वयंचलनाच्या काळातही कायम आहे. रात्रसेवेची दोरी पहारेकऱ्याच्या एक्स्टेंशनमध्ये बसवून जाणाऱ्या ऑपरेटरने तेच पाळले होते.