पाटणच्या मठापासून एक्सपोसॅटपर्यंत : कोणता तारा बघायचा हे ठरवतं कोण?

मंडळी, १ जानेवारी २०२४ ला श्रीहरिकोट्याहून एक्सपोसॅट वर गेला. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दिवसभर झेंडे फिरले आणि दोन दिवसांत विषय संपला. एक गोष्ट मात्र फार कुणी धरली नाही. त्यावरचं 'पोलिक्स' हे मुख्य उपकरण पाच वर्षांत साधारण ४० तेजस्वी स्रोत बघणार, असं इस्रोनेच सांगितलं होतं. आभाळ एवढं मोठं आणि यादी फक्त ४० ची? ही यादी बनते कशी, त्याची ही गोष्ट.

ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण हवेतच अडतात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून १९६२ पर्यंत सूर्य सोडला तर असा एकही स्रोत कुणाला माहीत नव्हता. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेत रिकार्डो जिआकोनी आणि सहकाऱ्यांनी काही मिनिटांसाठी एक रॉकेट वर पाठवलं आणि वृश्चिक राशीत पहिला स्रोत सापडला, स्कॉर्पियस एक्स-१. (जिआकोनींना नोबेल मिळालं ते थेट २००२ मध्ये!) १९७० मध्ये 'उहुरू' उपग्रह गेला आणि त्याच्या शेवटच्या यादीत ३३९ स्रोत जमले.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, साठच्या दशकाच्या अखेरीस हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडून हे काम सुरू केलं. फुगा वर राहणार काही तास. त्या उंचीवरही थोडी हवा उरतेच, त्यामुळे फक्त जास्त ऊर्जेचे किरण सापडणार. एवढ्या वेळात अंधूक स्रोताच्या मागे लागून हाती काय येणार? म्हणून ठरलेलीच मोठी नावं : वृश्चिकातला, हंसातला आणि वृषभातला क्रॅब. १९७५ च्या आर्यभट्टावरही क्ष-किरणांचा प्रयोग होता, पण वीजपुरवठा बिघडला आणि पाचव्या दिवशी प्रयोग बंद करावे लागले. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ वर टीआयएफआर आणि इस्रोची उपकरणं गेली. तो उपग्रह मुळात जमिनीकडे बघणारा, अधूनमधून ताऱ्यांकडे वळवायचा. म्हणजे इथेही पाळीच.

पाळी म्हटलं की आपल्याला वेगळं सांगायला नको. साक्री भागातली पांझरेवरची फड पद्धत आठवा. बंधाऱ्यात पाणी तेवढंच असतं, म्हणून कोणत्या फडात कोणतं पीक ते आधी ठरतं आणि पाटकरी ठरल्याप्रमाणे पाणी फिरवतो. उपग्रहाचा वेळ अगदी असाच असतो.

२८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट गेला आणि भारताला पहिल्यांदा स्वतःची अवकाश वेधशाळा मिळाली. सुरुवातीचा काळ उपकरणं तपासण्यात आणि ती बनवणाऱ्यांच्या वाट्यात गेला, मग वेळ इतरांसाठी खुला झाला. संशोधकाने लेखी प्रस्ताव द्यायचा : कोणता स्रोत, का, किती वेळ. बाकीचे शास्त्रज्ञ तो तपासतात. मग अडचणी सुरू. स्रोत त्या महिन्यात सूर्याच्या फार जवळ असेल तर नाही. एखादा स्रोत अचानक भडकला तर रांग मोडून त्याला जागा. आणि गंमत बघा, त्याच उपग्रहावर जी अतिनील दुर्बीण आहे तिच्यापुढे फार तेजस्वी तारा आला तर तिचा शोधक खराब होऊ शकतो. क्ष-किरणवाल्याला जास्त उजेड हवा, शेजारी म्हणतो एवढा नको.

मग पोलिक्सला तेजस्वीच का लागतात? बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बनवलेलं हे उपकरण किरणांचं ध्रुवीकरण मोजतं. किरण बेरिलियमवर आपटून चारी बाजूंना उडतात, आणि कोणत्या दिशेला जास्त उडाले ते मोजायचं. फरक असतो अगदी थोडा. वॉर्डात ५२-४८ अशी लढत असेल तर दहा जणांना विचारून काही कळतं का? हजारोंना विचारावं लागतं. इथेही तसंच, हजारो-लाखो किरण जमल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. पुण्याच्या आयुकाचाही सहभाग असलेल्या ॲस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआयने क्रॅबचं ध्रुवीकरण मोजलं, तेही दीड वर्ष पुन्हापुन्हा तिकडे बघून. आणि क्रॅब तर आभाळातल्या सगळ्यात तेजस्वी स्रोतांपैकी! अंधूक स्रोताला किती वर्षं लागली असती, हिशोब करा.

हाच क्रॅब आपल्या जळगाव-धुळ्याच्या जवळपास बरोबर माथ्यावरून जातो, जेमतेम एक अंशाचा फरक. डिसेंबरच्या मध्यरात्री वर बघा, वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण तिथेच आहे.

हे सगळं लोकांच्या पैशावर चालतं, आणि आपल्या भागात ही रीत नवी नाही. चाळीसगावजवळ पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. शेवटचा भाग चक्क मराठीत आहे आणि त्यात बाजारातल्या देण्याघेण्यातला आणि तेलाच्या घाण्याचा वाटा मठाला लावून दिला आहे. म्हणजे ज्योतिषाचा अभ्यास पाटणच्या तेल्यांच्या घामावर चालला.

पण तेव्हाच्या तेल्याला त्या पोथ्या वाचायला मिळत होत्या का, शंकाच आहे. आज मिळतात. ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणं ठरावीक मुदत संपली की सर्वांसाठी खुली होतात आणि इस्रोच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. नोंदणी, बरा संगणक आणि शिकवणारा एखादा चिवट मास्तर एवढ्यावर एम.एस्सी.चा प्रकल्प होतो. आपल्याकडे मात्र भौतिकशास्त्राचे बहुतेक प्रकल्प मागच्या वर्षीचे मुखपृष्ठ बदलून निघतात, हे काय तुम्हाला मी सांगायचं!

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कोणत्या कॉलेजात हा डेटा कुणी वापरत असेल तर खाली नक्की लिहा. नसेल तर तुमच्या ओळखीच्या प्राध्यापकांना टॅग करा.