रूळ उखडले, रस्ता उरला: आयर्लंडच्या किनाऱ्यावरचा ४२ किलोमीटरचा सायकलमार्ग

बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेचं काय करायचं? ग्वाल्हेरकरांनी आपली छोटी गाडी २०२० मध्ये थांबलेली पाहिली, बडोद्याकडच्या वाचकांनाही नॅरोगेजच्या गोष्टी माहीत आहेत. आपल्याकडे अशा जागेवर एक तर मोठी लाईन येते, नाही तर बाभळी आणि अतिक्रमण. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो नावाच्या जिल्ह्यात मात्र तिसराच मार्ग निघाला. वेस्टपोर्ट ते अकिल या जुन्या रेल्वे फाट्यावर आज फक्त सायकलवाले आणि पायी चालणारे दिसतात. नाव आहे ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे.

आधी रेल्वेची गोष्ट. त्याशिवाय या वाटेवर सायकल चालवणं म्हणजे नुसतं पायडल मारणं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा भाग आयर्लंडमधल्या अतिशय गरीब भागांपैकी एक होता. खडकाळ, ओली जमीन, बटाट्यावर पोट. अशा मागास भागांत रेल्वे नेण्यासाठी १८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने कायदा करून मदत दिली आणि मिडलँड ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीने हा फाटा टाकला. गेज आयर्लंडचं नेहमीचं, १६०० मिलिमीटर. म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम तीन इंच अरुंद. १८९४ च्या फेब्रुवारीत गाडी न्यूपोर्टपर्यंत, जुलैत मलरॅनीपर्यंत आणि १८९५ च्या मे महिन्यात अकिलपर्यंत पोचली. मलरॅनीला कंपनीने १८९७ मध्ये समुद्राकडे तोंड करून मोठं हॉटेलही बांधलं. ते हॉटेल आजही चालू आहे, ग्रीनवे त्याच्या लगतच जातो.

पहिली गाडी, शेवटची गाडी

अकिल हे बेट. तिथली माणसं दर हंगामात बटाटे काढायला स्कॉटलंडला जायची. बीडकडचे ऊसतोड मजूर टोळ्या करून बेळगाव भागातल्या कारखान्यांकडे येतात, तसंच. मुकादम, टोळी, पोरंसोरं बरोबर, राहायला जनावरांच्या गोठ्यासारखी जागा.

जून १८९४ मध्ये अशीच एक टोळी शिडाच्या होडीतून अकिलहून वेस्टपोर्टच्या धक्क्याकडे निघाली होती. स्कॉटलंडची आगबोट दिसली म्हणून सगळे एका बाजूला धावले आणि होडी उलटली. ३२ जण बुडाले, त्यात तरुण मुली बऱ्याच. फाटा अजून रीतसर सुरूही झाला नव्हता, पण मृतदेह घरी न्यायला त्याच लाईनवरून खास गाडी सोडली.

त्यानंतर ४० वर्षं गाडी चालली. मोटारी, लॉऱ्या आल्या तशी मिळकत घटली. १९३४ च्या अखेरीस फाटा बंद केला, मग रस्त्याच्या कामासाठी १९३६ मध्ये पुन्हा उघडला, आणि ३० सप्टेंबर १९३७ ला कायमचा बंद. त्याच्या दोनच आठवडे आधी, १६ सप्टेंबरला, ग्लासगोजवळच्या किर्किन्टिलॉक गावात मजुरांच्या झोपायच्या खोलीला आग लागली. अकिलची दहा मुलं गेली; सर्वांत लहान १३ वर्षांचा, मोठा २३ चा. त्यांचे मृतदेहही याच रेल्वेने घरी आले.

या भागात ब्रायन रुआ नावाच्या सतराव्या शतकातल्या एका माणसाचं भाकीत सांगतात: लोखंडी चाकांच्या, धूर आणि आग सोडणाऱ्या गाड्या अकिलला येतील, आणि पहिल्या व शेवटच्या गाडीत मढी असतील. भाकितं घटनेनंतर जास्त नेमकी होतात हे आपल्याला ठाऊकच आहे. पण दोन्ही गाड्या खऱ्या होत्या आणि त्यातली माणसंही.

जमीन कोणाची?

रूळ उखडल्यावर पट्टा हळूहळू शेतकऱ्यांकडे गेला. कुठे कुंपण पडलं, कुठे मेंढ्या चरू लागल्या. ७० वर्षांनी सायकलमार्गाची कल्पना आली तेव्हा खरी अडचण ही होती. भूसंपादन करायचं? मेयोमध्ये हा शब्दच जपून वापरावा लागतो. जमीनदारांविरुद्धची लँड लीग ही चळवळ १८७९ मध्ये याच जिल्ह्यात, कॅसलबार गावी स्थापन झाली. बहिष्काराला इंग्रजीत ‘बॉयकॉट’ म्हणतात तो शब्दही इथलाच: कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर १८८० मध्ये लोकांनी टाकलेल्या बहिष्कारावरून आला. हा गृहस्थ त्याआधी अकिललाही राहून गेलेला.

तेव्हा कौन्सिलने सक्ती केली नाही. सुमारे १६० जमीनमालकांकडून जाण्यायेण्याची परवानगी घेतली. मालकी शेतकऱ्याचीच, वाट सगळ्यांची. जिथे जमलं नाही तिथे मार्ग वळवला. म्हणून आजचा ग्रीनवे सगळीकडे मूळ रेल्वेच्या पट्ट्यावर नाही, अधूनमधून रस्त्याच्या कडेनेही जातो. २०१० मध्ये न्यूपोर्ट ते मलरॅनी हा टप्पा खुला झाला, २०११ मध्ये उरलेला. ही पद्धत स्वस्त आणि सलोख्याची आहे, यात वाद नाही. पण परवानगीवर चाललेली वाट शेवटी परवानगीवरच टिकते. म्हणून फाटक उघडलं की लावून घ्या, जनावरांना हुसकावू नका, कुंपण ओलांडू नका, असं तिथे सांगतात ते शिष्टाचारापुरतं नाही. एका मालकाने मन बदललं तर साखळी तुटते.

प्रत्यक्ष सायकलवर

वेस्टपोर्ट ते न्यूपोर्ट ११ किलोमीटर, न्यूपोर्ट ते मलरॅनी १८, मलरॅनी ते अकिल १३. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे बहुतेक वाट सपाट किंवा हलक्या चढउताराची. लहान मुलं, आजीआजोबा सगळे चालवू शकतात. वाट बरीचशी बारीक खडीची कच दाबून केलेली आहे, त्यामुळे रेसच्या अगदी पातळ टायरपेक्षा थोडं रुंद टायर बरं. गाड्यांची वर्दळ नसली तरी रस्ता ओलांडायच्या जागा आहेत, तिथे उतरून बघावं.

वेळ एकाच टप्प्यापुरता असेल तर न्यूपोर्ट ते मलरॅनी करा. न्यूपोर्टमध्ये लाल दगडाचा सात कमानींचा रेल्वेपूल आहे, त्यावरून आता माणसं चालतात. पुढे डावीकडे क्लू बे हा उपसागर आणि त्यातली बेटंच बेटं; लोक ३६५ म्हणतात, दिवसाला एक. त्यातलं एक जॉन लेननने विकत घेतलं होतं. पलीकडे ७६४ मीटर उंचीचा क्रोह पॅट्रिक हा यात्रेचा डोंगर, ढग नसतील तर दिसतो. ढग असतातच.

पूर्ण ४२ किलोमीटर करायचे असतील तर अकिलहून वेस्टपोर्टकडे यावं. वारा बहुतेकदा अटलांटिकवरून, पश्चिमेकडून असतो. उलट दिशेने गेलात तर सपाट वाटही घाटासारखी लागते. सायकली भाड्याने देणारे दुकानदार गाडीने अकिलला सोडतात, किंवा थकलात तिथून परत आणतात. ई-सायकलीही मिळतात. डब्लिनहून वेस्टपोर्टला थेट रेल्वे आहे, साधारण तीन-सव्वातीन तास. म्हणजे मुख्य लाईन अजून जिवंत आहे, फाटा तेवढा गेला. रेनकोट जुलैतही बरोबर ठेवा.