तुटलेला सिम्बॉलिक लिंक: फाइल आहे की नाही?

संशोधनाला लागलात की तुमच्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचा एखादा सिम्बॉलिक लिंक येणारच. खरा डेटा लॅबच्या सर्व्हरवर, तुमच्याकडे फक्त त्याचा पत्ता. तिकडची जागा कुणी साफ केली की घर जातं, पत्ता उरतो. मग बिल्ड स्क्रिप्ट आधी म्हणते 'फाइल नाही' आणि लगेच म्हणते 'फाइल आधीच आहे'. हा घोळ समजायला थोडं मागे जाऊ.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये फक्त हार्ड लिंक होता. प्रत्येक फाइलचा एक आयनोड क्रमांक, आणि नाव म्हणजे त्या क्रमांकाला लावलेली चिठ्ठी. शेवटची चिठ्ठी निघेपर्यंत फाइल शाबूत, म्हणजे लिंक तुटायचा प्रश्नच नव्हता. पण हा क्रमांक त्या-त्या फाइल सिस्टीमपुरताच असतो. त्यामुळे एका डिस्कवरून दुसरीवर लिंक करता येत नसे.

मल्टिक्समध्ये पत्ता साठवणारे लिंक आधीपासून होते. युनिक्सच्या जगात ते बर्कलीच्या 4.2 बीएसडीने 1983 मध्ये रुजवले. या लिंकमध्ये नुसता मार्गाचा मजकूर असतो. तो मार्ग खरंच आहे का, हे लिंक करताना कुणी तपासत नाही. सोय तीच आणि अडचणही तीच.

म्हणून सिस्टीमला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात: 'स्टॅट' लिंकच्या मागे जाऊन खरी फाइल पाहतो, 'एलस्टॅट' लिंकलाच पाहतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये 1976 साली लिहिलेलं 'मेक' याआधीचं. आजचं मेकसुद्धा सहसा पहिलाच प्रश्न विचारतं. तुटलेला लिंक त्याच्या लेखी फाइलच नाही: नियम असेल तर ते ती नव्याने बनवायला घेतं, नसेल तर थांबतं.

शेलमध्येही तेच. 'टेस्ट'चा '-ई' पर्याय लिंकच्या मागे जातो आणि 'नाही' सांगतो. पुढच्याच ओळीतल्या 'एलएन -एस'ला मात्र त्या नावाची जागा भरलेली दिसते, आणि तो नकार देतो. दोघंही खरंच बोलतायत, प्रश्न वेगळे आहेत.

तेव्हा स्क्रिप्टमध्ये दोन्ही तपासा. '-एच' हो म्हणाला आणि '-ई' नाही, तर लिंक तुटलाय. तो गुपचूप पुसून पुढे जाऊ नका. तो कुठे बोट दाखवतोय ते 'रीडलिंक'ने छापा आणि स्क्रिप्ट तिथेच थांबवा. डेटा कुठे होता, याची तुमच्याकडे उरलेली नोंद कदाचित तेवढीच असेल.