यंत्र गप्प बसतं तेव्हा

सकाळी खर्डीहून लोकल पकडून लॅबमध्ये पोचले, तर रात्रभराचं मोजमाप वाया. माझी एक आज्ञा यंत्राने नाकारली होती. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

हा प्रश्न जुना आहे. १९७५ च्या आयट्रिपलई ४८८ मानकात स्टेटस बाइटचा फक्त बिट ६ ठरलेला होता: 'माझ्याकडे बघा'. बाकी बिटांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे. १९८७ च्या ४८८.२ ने बिट ४ आणि ५ चेही अर्थ ठरवले, चुकांसाठी सामाईक इव्हेंट रजिस्टर आणलं.

म्हणून '*ईएसई ६०' लिहा: चुकांचे चार बिट (४+८+१६+३२) बिट ५ वर दिसतील. '*एसआरई ३२' दिलं की यंत्र स्वतः हाक मारेल. मात्र '*ईएसआर?' ने रजिस्टर वाचलं की ते पुसलं जातं, म्हणून उत्तर आधी फाइलमध्ये नोंदवा.