पाव्हणं, पायरी सोडू नका

बालाघाटहून गोंदिया गाठा आणि महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसा. डब्यात चिन्नोर तांदळाचा भात असू द्या, प्रवास लांबचा आहे. रात्र गाडीतच जाईल. शेवटचं स्टेशन कोल्हापूर. उतरताना मात्र डोळे मिटा आणि फलाटावर पाय टाका तो थेट पन्नासेक वर्षं मागे.

पहिल्यांदा वास येईल. गावाभोवतीची गुऱ्हाळं पेटली आहेत आणि उकळत्या रसाचा गोड धूर पार स्टेशनापर्यंत आलाय. त्यात घोड्याच्या लिदीचा दर्प मिसळलेला. टांगेवाल्यानं तुम्हाला एकदा खालून वर पाहिलं. "मॅचला ना? बसा."

मंगळवार पेठेत तो एका तालमीपाशी उतरवतो. दार बुटकं आहे, वाकून आत या. तांबड्या मातीचा हौदा, तेल-ताक-हळद जिरलेला ओलसर गारवा. भिंतीवर मारुती. आणि खाली, जिथं गदा असायची तिथं, नाड्या एकमेकींना बांधून टांगलेले बूट! इथली पोरं सकाळी जोर मारतात, दुपारी फुटबॉल खेळतात. कुस्तीसाठी 1912 साली खासबागेचं मैदान उभारणाऱ्या या गावात चेंडूसुद्धा तालमीतच वाढला.

कोपऱ्यात एकजण चेंडू भरतोय. आतल्या रबरी ब्लॅडरमध्ये सायकलच्या पंपानं हवा, मग त्याचं तोंड दोऱ्यानं आवळायचं, आत दडपायचं आणि वरून चामड्याची वादी ओढायची. "दाबून बघा." अंगठा जराही आत जात नाही. नियमानं वजन जास्तीत जास्त 453 ग्रॅम, पण वादीची बाजू कपाळावर आली की तिचा वळ दोन दिवस दिसतो. पोरं तो वळ मिरवत फिरतात.

ही पाटाकडील तालीम नव्हे, दिलबहार नव्हे, खंडोबाही नव्हे. त्या नावांना गर्दी आपोआप होते. ही बाजूच्या गल्लीतली लहान तालीम आणि लीगच्या तक्त्यात ती पार खाली आहे. जिंकलं तर दोन गुण, बरोबरीचा एक. त्या एका गुणासाठी गल्ली आठवडाभर नीट जेवलेली नाही. मला विचाराल तर सीझन जगायचा तो अशाच संघाबरोबर. वरच्यांना एखादी मॅच निवांत पाहता येते, यांना एकही नाही.

चला, निघाले सगळे. पुढं खेळाडू, मागं पोरं, त्यांच्या मागं कामावरून लवकर सुटलेले बाप्ये. कोल्हापुरी चपलांची करकर एका तालात चाललीय. दारातल्या आज्जीनं गोलकीपरला थांबवून हातावर गूळ ठेवला. साठमारीजवळून शाहू स्टेडियमच्या फाटकाशी आलात की पाय उचलायची गरज राहत नाही, गर्दीच आत नेते.

पायऱ्या तापल्यात. धोतरातून, पॅन्टमधून, कशातूनही चटका लागतो. डावीकडून भाजक्या शेंगांचा वास, उजवीकडून विडीचा, समोरून मैदानाची धूळ. शेजारचा फेटेवाला म्हातारा सरकून वीतभर जागा देतो. "कुठलं गाव?" बालाघाट म्हटल्यावर तो मागं वळून ओरडतो, "बघा रं, किती लांबनं माणूस आलाय आपल्यासाठी!" झालं. आता तुम्ही या पेठेचे.

शिट्टी. पुढचा तासभर तुम्हाला खेळ धड दिसत नाही. दिसतात पाठी, उडालेल्या टोप्या, धुळीतून अचानक बाहेर येणारा एखादा पाय. खेळ ऐकूच येतो. चेंडूवर बूट बसला की ठण्ण. पोटरीवर बसला की सगळ्या पायऱ्या एकदम "आईऽऽ". "हाण की रं!" "आडव त्येला!" तुमचा घसा कधी बसला ते तुम्हाला कळलंच नाही. समोरचे सरस आहेत, ते पुन्हापुन्हा चढून येतात आणि तो गूळ खाल्लेला गोलकीपर दर खेपेला धुळीत लोळून चेंडू पोटाशी धरतो. शेवटी तर म्हातारा मैदान सोडून तुमच्याकडेच बघतो आणि तुमचं मनगट घट्ट धरून ठेवतो.

शून्य-शून्य! एक गुण!

कुणाला गोल लागत नाही इथं नाचायला. गोलकीपर खांद्यावर, गुलाल कुठून आला देव जाणे. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस समोरच पिळली जाते आणि फेसाचा कोमट पेला तुमच्या हातात येतो. पैसे काढू नका, राग येईल त्यांना. गावी परतायचं म्हणालात तर त्याहून जास्त येईल. पेठेत निर्णय झालाय: हा गुण पाव्हण्याच्या पायगुणानं आला. तेव्हा पुढच्या मॅचला हाच सदरा, न धुता. हीच पायरी. आणि म्हातारा बजावतो, मनगट डावंच द्यायचं.